डीपीटीचे हँडबुक : सोलापूरच्या वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत फिजिओथेरपिस्ट होण्यासाठीची पदवी म्हणजे डीपीटी, डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी. अभ्यासक्रम साधारण तीन वर्षांचा. २०१६ पासून तिथल्या मान्यताप्राप्त कॉलेजांत या व्यवसायाची प्रवेश-पदवी एवढी एकच राहिली आहे. यंदा सोलापूरहून आलेल्या पत्रांत प्रवेशापेक्षा प्रवेशानंतरच्या नियमांची चौकशी जास्त होती, याचे बरे वाटले. माहितीपत्रक सगळेच वाचतात. स्टुडंट हँडबुक मात्र बहुतेक जण पहिली नोटीस आल्यावर उघडतात.

प्रश्न : माझी बीपीटीएचची (फिजिओथेरपीच्या पदवीची) इंटर्नशिप चालू आहे. अमेरिकेत काम करायचे तर पुन्हा तीन वर्षे शिकावेच लागेल का? एजंट म्हणतो, ऑनलाइन 'ट्रान्झिशनल डीपीटी' केली की लायसन्स मिळते. (इंटर्न, जुळे सोलापूर)

उत्तर : ट्रान्झिशनल डीपीटीने लायसन्स मिळत नाही. हा अभ्यासक्रम आधीच फिजिओ असलेल्यांसाठी आहे आणि कॅप्टे ही तिथली मान्यता देणारी संस्था त्याला मान्यता देत नाही. लायसन्स राज्य देते. भारतात शिकलेल्यांनी आधी पदवीचे मूल्यमापन करून घ्यायचे (बहुतेक जण एफसीसीपीटी या संस्थेकडून करतात), राज्य मागेल तिथे टोफेल द्यायची आणि मग एनपीटीई ही परीक्षा. मूल्यमापनात क्रेडिट कमी पडले, तर ते भरून काढायला ट्रान्झिशनलचे विषय उपयोगी पडू शकतात. एजंटच्या बोलण्यात तथ्य आहे ते एवढेच. प्रत्येक राज्याचे निकष वेगळे, म्हणून आधी राज्य ठरवा, मग पैसे भरा.

एनपीटीई वर्षातून चार वेळा होते : जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. गुण २०० ते ८०० च्या मापावर मिळतात आणि ६०० ला पास. १२ महिन्यांत तीनदा आणि आयुष्यात सहाच वेळा बसता येते, तेव्हा 'एकदा देऊन बघू' हा प्रकार परवडणारा नाही. पदवीच्या मूल्यमापनासाठी गुणपत्रके आणि तासांसह अभ्यासक्रम कॉलेज-विद्यापीठाकडून त्या संस्थेकडे थेट जावे लागतात. ते काम इंटर्नशिप चालू असतानाच मार्गी लावा. कॉलेज सुटल्यावर शिक्क्यासाठी खेटे घालणे फार जिवावर येते.

प्रश्न : मुलाला डीपीटीचा प्रवेश मिळाला आहे. सीट डिपॉझिट पंधरा दिवसांत भरायचे आहे आणि हँडबुक शंभरेक पानांचे. नेमके काय वाचावे? (पालक, विजापूर रोड)

उत्तर : डिपॉझिट बहुधा परत मिळत नाही, त्यामुळे आधी एक गोष्ट बघा : कॅप्टेच्या यादीत कॉलेजपुढे 'अॅक्रेडिटेड' आहे की 'कँडिडेट'. कँडिडेट म्हणजे मान्यतेच्या वाटेवर. ती मिळेलच याची हमी नाही.

मग 'प्रोग्रेशन अँड डिसमिसल' हे प्रकरण काढा. आपल्याकडच्या एटीकेटीची सवय तिथे मोडते. बॅच एकगठ्ठा पुढे सरकते आणि अॅनाटॉमीसारखा विषय वर्षातून एकदाच शिकवला जातो. त्यात अडकलात तर पुढच्या सत्रात बसता येत नाही, वर्षभर थांबून खालच्या बॅचमध्ये यावे लागते. ही सवलतही बहुतेक ठिकाणी एकदाच मिळते. बऱ्याच कॉलेजांत सरासरी ४ पैकी ३ च्या खाली गेली की प्रोबेशन लागते. त्याचे गणित समजून घ्या. ५ क्रेडिटच्या अॅनाटॉमीत सी म्हणजे २ आला, तर सरासरी ३ वर आणायला तेवढ्याच क्रेडिटचा ए म्हणजे ४ हवा. बाकी सगळीकडे बी मिळवून खड्डा भरत नाही.

त्यात एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा पूर्णवेळ शिक्षणावर टिकतो. विषय सोडायचा किंवा रजा घ्यायची झाली, तर अर्ज करण्याच्या आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या अधिकाऱ्याला भेटायचे, नंतर नव्हे.

'टेक्निकल स्टँडर्ड्स'मध्ये उचलणे, ढकलणे, वाकणे, ऐकणे, दिसणे याच्या अपेक्षा दिलेल्या असतात. कमी ऐकू येणे, डिस्लेक्सिया, जुने पाठीचे दुखणे असे काही असेल, तर डिसॅबिलिटी कार्यालयात सुरुवातीलाच नोंद करा. सवलत नोंदीच्या तारखेपासून लागते, आधीच्या नापास पेपरला नाही. लपवून ठेवण्यात काहीच फायदा नाही.

प्रश्न : ऑगस्टमध्ये सत्र सुरू होईल. लसीकरणाचा फॉर्म आला आहे. मे महिन्यात सगळे एकदम उरकले तर चालेल ना? (विद्यार्थिनी, अक्कलकोट रोड)

उत्तर : नाही चालणार, आणि इथेच सर्वांत जास्त जण अडकतात. हेपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी, करायची, ती १० किंवा त्याहून जास्त हवी. ऑगस्टचे सत्र गाठायचे तर पहिला डोस नोव्हेंबरात, दुसरा डिसेंबरात, तिसरा मेमध्ये आणि टायटर जूनअखेर, असा हिशेब बसतो. लहानपणी डोस झाले असतील तर आधी टायटरच करा. काही वर्षांनी ती खाली घसरलेली दिसणे नेहमीचे आहे. तशी निघाल्यास एक जादा डोस घेऊन एक-दोन महिन्यांनी पुन्हा तपासतात. तरीही १० च्या खालीच राहिली तर उरलेले डोस पूर्ण करायचे.

गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस हवेत. सरकारी लसीकरणाच्या कार्डावर नुसते गोवर किंवा एमआर (गोवर-रुबेला) असते, गालगुंड त्यात नसतो. कार्ड भरलेले दिसते म्हणून निर्धास्त राहू नका. एमएमआरचे, म्हणजे तिन्हींच्या एकत्र लसीचे, दोन डोस २८ दिवसांच्या अंतराने घ्या किंवा तिन्हींची टायटर दाखवा. 'कांजिण्या होऊन गेल्या' हे आईचे सांगणे फॉर्मवर चालत नाही, तिथेही आयजीजी (प्रतिपिंडांची) तपासणी किंवा दोन डोस.

क्षयाच्या तपासणीची गोष्ट निराळी. आपल्याकडे जन्मतः बीसीजी टोचतात आणि त्यामुळे मँटू ही त्वचेवरची चाचणी चुकीची पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरांचे पत्र, कधी औषध घेण्याचा आग्रह, असे शुक्लकाष्ठ मागे लागते. त्यापेक्षा इग्रा ही रक्ततपासणी करा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. नमुना बाहेरगावी जाणार असेल तर कोणत्या दिवशी घेतात ते लॅबला आधी विचारा. रक्त ठरावीक तासांत प्रक्रियेला लागावे लागते, शनिवारी संध्याकाळी जाऊन उपयोग नाही. एमएमआर किंवा कांजिण्यांची लस आणि क्षयाची तपासणी एकाच दिवशी करा, नाहीतर मध्ये किमान चार आठवडे जाऊ द्या. या जिवंत लसींनी निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.

सगळ्या नोंदी इंग्रजीत, तारखेसह, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याने आणि नोंदणी क्रमांकाने घ्या. बीएलएसचे, म्हणजे प्राथमिक जीवरक्षणाचे, प्रमाणपत्र दोन वर्षे चालते. नुसते ऑनलाइन केलेले बहुतेक ठिकाणी परत येते, पुतळ्यावर छाती दाबून दिलेली परीक्षा लागते.

प्रश्न : लॅबमध्ये मुलामुलींना एकमेकांवर सराव करावा लागतो आणि कपडे कमी घालावे लागतात, हे खरे का? मुलीची काळजी वाटते. (आई, सात रस्ता)

उत्तर : खरे आहे. खांद्याचे हाड किंवा पाठीचा मणका कापडावरून चाचपता येत नाही. मुलींना साधारणपणे स्पोर्ट्स ब्रा किंवा मागून उघडा टॉप आणि शॉर्ट्स, मुलांना शर्ट काढून शॉर्ट्स. जेवढा भाग तपासायचा तेवढाच उघडा, बाकी चादरीने झाकलेला. हे झाकणे नीट केले नाही तर परीक्षेत गुण जातात. हात लावण्याआधी विचारायचे आणि समोरची व्यक्ती कधीही नाही म्हणू शकते. मोबाईल बाहेर, फोटो अजिबात नाही. नखे बोटांच्या टोकाआत, अंगठ्या-बांगड्या काढून.

मुलीला मुलगीच जोडीदार हवी असेल किंवा धार्मिक कारणाने डोके झाकायचे असेल, तर पहिल्या आठवड्यातच लेखी कळवावे. बहुतेक कॉलेजे सोय करतात. सराव नकोच, असे मात्र चालणार नाही. रुग्ण निवडून मिळत नाहीत. अंगात धातूचे रोपण असेल, गर्भ असेल, त्वचेचा आजार असेल, तर ज्या यंत्राचा सराव आहे त्याच्या आधी सांगायला हवे. डायथर्मीत, म्हणजे यंत्राने आतपर्यंत शेक देताना, लपवाछपवी धोक्याची.

प्रश्न : लेखी परीक्षेत चांगले गुण असूनही प्रॅक्टिकलमध्ये एका चुकीने सरळ नापास करतात असे ऐकले. हे अन्यायाचे नाही का? (तृतीय वर्ष, होटगी रोड)

उत्तर : 'क्रिटिकल सेफ्टी' म्हणून खुणा केलेल्या बाबी असतात. त्यातली एक चुकली की बाकीचे गुण मोजत नाहीत. आमच्या मते हा नियम योग्य आहे, कारण चूक कुठे होते ते ठरलेले असते.

अर्धांगाच्या रुग्णाला पलंगावरून व्हीलचेअरवर घेणे हा नेहमीचा प्रश्न. खुर्ची रुग्णाच्या चांगल्या बाजूला, पलंगाशी ३० ते ४५ अंशांत. दोन्ही ब्रेक लावून खुर्ची हाताने हलवून बघायची. पायदान बाजूला. गेट बेल्ट (रुग्णाला धरायचा पट्टा) कमरेला, कपड्यावरून, दोन बोटे जातील इतपत घट्ट. रुग्ण पलंगाच्या काठाला सरकतो, पावले गुडघ्यांच्या मागे. तुमचा गुडघा त्याच्या लुळ्या गुडघ्यापुढे टेकवलेला. तो पुढे झुकतो, नाक पायाच्या बोटांवर आले की उठवायचे, वळवायचे, मांडीमागे खुर्ची लागली का विचारायचे, मग हळू बसवायचे.

विद्यार्थी नापास होतात ते तीन ठिकाणी. ब्रेक एकाच बाजूचा लागतो. घाईत बेल्टऐवजी लुळा हात किंवा काख धरून ओढतात. त्या खांद्याचे स्नायू ढिले असतात, सांधा खाली सरकतो आणि दुखणे महिनोन्महिने राहते. तिसरे म्हणजे रक्तदाब न बघता उभे करणे. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर रुग्णाला बसवायचे आणि कळवायचे.

हॉट पॅक, म्हणजे गरम पाण्यात तापवलेली शेकायची पिशवी, हीही असाच घात करते. पाण्याचे तापमान ७० ते ७५ अंश सेल्सियस असते, म्हणून मध्ये टॉवेलचे सहा ते आठ थर आणि पाच मिनिटांनी त्वचा उघडून बघणे. त्याआधी गरम-गारची जाणीव तपासायची. जुना मधुमेह असलेला रुग्ण 'बरं वाटतंय' म्हणत राहतो आणि फोड दुसऱ्या दिवशी दिसतो.

प्रश्न : फी आम्ही भरतो, पण कॉलेज मुलाचे गुण सांगायला तयार नाही. (वडील, नवी पेठ)

उत्तर : सांगणार नाहीत. १९७४ च्या फर्पा कायद्याने कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदींचा हक्क त्याचा स्वतःचा. मुलाने संमतीपत्रावर सही केली तरच कार्यालय बोलेल. निघण्याआधी घरात बसून हे ठरवून टाका.

प्रश्न : ड्रग टेस्ट असते म्हणे. महाशिवरात्रीला घेतलेली भांग त्यात येईल का? (विद्यार्थी, अशोक चौक)

उत्तर : येऊ शकते. रोज घेणाऱ्याच्या लघवीत काही आठवडेही सापडते. अमेरिकेत काही राज्यांत गांजा कायदेशीर आहे, पण हॉस्पिटल तो बहाणा ऐकत नाही. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाचेही तसेच, चिठ्ठी जपून ठेवा.

प्रश्न : वॉर्डात रुग्णाला पहिल्यांदा चालवले, त्याचा पाठमोरा व्हिडिओ स्टेटसला ठेवला तर काय बिघडले? चेहरा तर दिसत नाही. (इंटर्न, सोलापूर)

उत्तर : बिघडते. अमेरिकेच्या हिपा या रुग्ण-गोपनीयतेच्या नियमांत ओळख पटवणाऱ्या १८ गोष्टींची यादी आहे. नाव आणि चेहरा त्यातले दोनच. भरतीची तारीख, पत्ता, फाईल क्रमांक आणि जिच्यावरून माणूस ओळखू येईल अशी कोणतीही खूणही त्यात येते. 'सिव्हिल, वॉर्ड अमुक, आज' एवढ्यावर पूर्व भागातली अख्खी गल्ली आजीला ओळखते. केस मांडताना वय आणि वर्ष पुरे. डीपीटीत अशा एका पोस्टवर क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलातले प्रत्यक्ष प्रशिक्षण, थांबते.

याच वॉर्डातली आणखी एक सवय तिथे बंद होते. तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या रुग्णाशी आपण सुनेमार्फत बोलतो. तिथे घरच्यांना, विशेषतः मुलांना, दुभाषी म्हणून वापरू देत नाहीत. फोनवरून प्रशिक्षित दुभाषी लावावा लागतो. सुनेपुढे सासू लघवीच्या तक्रारीबद्दल बोलत नाही, हे कारण इथेही तितकेच लागू आहे.

प्रश्न : क्लिनिकल किती दिवस असते? त्यात पगार मिळतो का? नंतर किती काळ काम करता येते? (विद्यार्थिनी, कुंभारी)

उत्तर : कॅप्टेच्या निकषानुसार किमान ३० आठवडे पूर्णवेळ. पगार सहसा नाही, जागा कॉलेज देते आणि ती दुसऱ्या गावीही असू शकते. राहणे-फिरणे आपल्या खर्चाने, म्हणून ड्रायव्हिंग इथेच शिकून जा. कॉलेजच्या आवारातले काम सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच चालते.

बाहेरच्या हॉस्पिटलातील क्लिनिकलसाठी एफ-१ वाल्यांना बऱ्याच कॉलेजांत सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची, परवानगी काढावी लागते. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने भरली तर नंतरची ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करण्याची मुभा, जाते, तेव्हा आठवडे मोजत राहा. ओपीटी १२ महिन्यांची, फिजिकल थेरपीला वाढीव मुदत नाही. तिचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. ओपीटीत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही आणि लायसन्स असल्याशिवाय थेरपिस्ट म्हणून कोणी घेत नाही. जुलैची एनपीटीई हुकली तर पुढची ऑक्टोबरातच, म्हणजे ते ९० दिवस तिथेच संपतात. ओपीटी सुरू होण्याची तारीख ठरवताना परीक्षेचे वेळापत्रक समोर ठेवा.