आधी त्या बैठका लिही

प्रिय मित्रा,

तुझं टिपण वाचलं. मेहनत घेतली आहेस. पण ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी कशी संपली हे सांगताना तुझ्याकडे गुलामगिरीविरुद्ध झगडणारे खासदार विल्बरफोर्स बोलतात, पार्लमेंट बोलतं. गुलाम मात्र नुसते सोसतात आणि शेवटी सुटतात. हे मला पटलं नाही. जिवावर उदार होऊन लढलेल्यांना आपण निव्वळ लाभार्थी करून टाकतो.

जमैका या कॅरिबियन बेटाचं, ब्रिटिशांच्या तिथल्या वसाहतीचं, १८३१ साल नीट वाच. सॅम्युअल शार्प हा तिथला गुलाम, माँटेगो बे या गावच्या बाप्टिस्ट (एक ख्रिस्ती पंथ) चर्चमध्ये डीकन, म्हणजे चर्चच्या कामात मदत करणारा सेवक. त्याला वाचता येत होतं. इंग्लंडात गुलामगिरीविरुद्ध काय चाललंय ते वर्तमानपत्रांतून वाचून तो बाकीच्यांना सांगायचा. प्रार्थनेला जमायचं, ती आटोपली की विश्वासातल्या माणसांनी मागे थांबायचं आणि बायबलवर शपथ घ्यायची: नाताळ झाला की मजुरी मिळाल्याशिवाय कामावर जायचं नाही.

वेळ कोणती निवडली बघ. नाताळ सरला की ऊसतोड. तू ऊसपट्ट्यातला, तुला काय सांगायचं? तोड लांबली की साखरेचा उतारा घसरतो, तोडलेला ऊस पडून राहिला तर वाळतो. मालकाची नस कुठे आहे हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तुझ्या टिपणातला ‘उद्रेक’ हा शब्द काढ. तो ठरवून केलेला संप होता.

२७ डिसेंबरला केन्सिंग्टन मळ्यावर आग लागली आणि संपाचं बंड झालं. बेटावरच्या सुमारे तीन लाख गुलामांपैकी साठ हजारांपर्यंत लोक त्यात उतरले, असा अंदाज आहे. गोरे मेले चौदा. गुलाम बंडात दोनशेच्या आसपास मारले गेले, आणि त्यानंतर तीनशेहून अधिक जणांना देहदंड झाला. शार्पला २३ मे १८३२ रोजी फाशी दिली. हे आकडे एकाखाली एक लिही, मधे विशेषणं घालू नकोस.

त्याच वर्षी पार्लमेंटने चौकशी समित्या नेमल्या, १८३३ मध्ये कायदा झाला. दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना! आणि मुक्त झालेल्यांना १८३८ पर्यंत ‘शिकाऊ’ म्हणून त्याच मळ्यांवर बिनपगारी राबवलं. मॉरिशसच्या मळेवाल्यांनी तर गुलाम सुटल्यावर हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, नेले, त्यांत आपली मराठी माणसंही होती. त्यावर वेगळं लिही, इथे कोंबू नकोस.

बंडानंतर पकडलेल्या कैद्यांचे जबाब वाचताना एक सांभाळ. ते मालकांच्या राज्यात, फास समोर असताना नोंदवलेले आहेत. ‘राजाने आम्हाला कधीच मुक्त केलंय, मालक ते दडवून ठेवतात’ ही समजूत त्यांत भेटेल. अडाण्यांची अफवा म्हणून ती सोडून देऊ नकोस. ती कुणी, कुठे, कशी पसरवली याचा माग काढ.

टिपणाची सुरुवात पार्लमेंटपासून नको, प्रार्थनेनंतरच्या त्या बैठकांपासून कर. नवा खर्डा झाला की पाठव, मी लगेच वाचेन.

तुझा,
सर