रूपक, ‘सेव्हन-एट’ आणि ग्रुपवरची भांडणं
वाचकांचे प्रश्न : ताल आणि लय

या वेळच्या पत्रांत विषम मात्रांच्या तालांबद्दल (मात्रा म्हणजे ताल मोजायचं एकक) बरंच विचारलं आहे. त्यातली काही पत्रं सरळ भांडणातून उठून लिहिलेली आहेत. तालाचं उत्तर आणि भांडणाचं उत्तर वेगळं काढता येत नाही, म्हणून दोन्ही एकत्रच देत आहोत.

प्रश्न : आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तबलेवाले, ड्रमर, कीबोर्डवाले सगळेच आहेत. एका ड्रमरने लिहिलं, ‘७/८ म्हणजे आपला रूपकच.’ त्यावर एका ज्येष्ठ तबलावादकांनी सुनावलं, ‘ज्याला खाली कळत नाही त्याने रूपकाचं नाव घेऊ नये.’ दोन दिवस हेच चाललंय. बरोबर कोण? (सांगली)

उत्तर : दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. ७/८ हे पाश्चात्त्य लेखनातलं माप आहे, ताल नाही. वरचा ७ सांगतो की एका बारमध्ये किती मोजायचे. खालचा ८ सांगतो की ते कोणत्या स्वरचिन्हाने मोजले. लय जलद की संथ, याच्याशी त्या आठाचा संबंध नाही. आणि खरी मेख अशी की सातांची फोड ३+२+२ आहे, २+२+३ आहे की २+३+२, हे त्या आकड्यांत लिहिलेलंच नसतं. रूपकात ती पक्की ठरलेली आहे: ती ती ना । धी ना । धी ना. शिवाय समेवरच, म्हणजे तालाच्या फेरीच्या पहिल्याच मात्रेवर, खाली, म्हणजे टाळीऐवजी उघडा हात. ७/८ मध्ये खाली नावाची गोष्टच नाही.

बल्गेरियातलं राचेनित्सा हे नृत्य घ्या. मात्रा सातच, पण फोड २+२+३, आणि लय इतकी चढी की साती मात्रा एका-सव्वा सेकंदात संपतात. नाचणारा सात मोजत बसत नाही. त्याच्या पायात तीनच ठोके असतात, आखूड, आखूड, लांब. रूपकात मध्यलय मिनिटाला १२० मात्रांची धरली तर आवर्तन (तालाची एक फेरी) साडेतीन सेकंदांचं होतं आणि प्रत्येक मात्रा स्वतःच्या पायावर उभी राहते. तिकडे ठोकेच लहान-मोठे, इकडे मात्रा समान आणि विभाग लहान-मोठे. हा फरक कानाला आधी कळतो, कागदावर नंतर.

तरीही ड्रमरला मोडीत काढू नका. २+२+३ ची मोजणी तिसऱ्या गटापासून सुरू केली तर ती ३+२+२ होते. रेकॉर्डिंगचा मधलाच तुकडा ऐकणाऱ्याला त्यात रूपक सापडलं तर तो कानाचा दोष नाही. सुरुवात कुठे आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

ग्रुपवर सगळ्यांनी एक गोष्ट करून पाहावी. ॲपवर मेट्रोनोम २१० ला लावा आणि प्रत्येक टिकेला एक अक्षर म्हणा: तकिट तक तक. टाळी १, ४ आणि ६ वर. दहा मिनिटं जमलं की मेट्रोनोम ३० वर आणा, म्हणजे टिक फक्त समेला पडेल, आणि तीच पढंत (बोल तोंडाने म्हणणं) त्याच लयीत चालू ठेवा. (चावीचा जुना मेट्रोनोम ४० च्या खाली जात नाही, म्हणून ॲप.) इथे चूक हमखास एकाच जागी होते. चार-पाच आवर्तनांनंतर मधला ‘तक’ नकळत ‘तकिट’ होतो, सातचे आठ होतात आणि टिक तुमच्या आधी वाजून जाते. आठाची सवय हाडात मुरलेली असल्यामुळे हात तिकडे ओढला जातो. टिक तुमच्या नंतर पडत असेल तर उलट झालंय: ‘तकिट’ची तीन अक्षरं घाईत उरकली जाताहेत. जमलं की शब्द फिरवा, तक तक तकिट. तो राचेनित्साचा चेहरा. दोन्ही तोंडाने म्हणून झाल्यावर वादाला फारसं काही उरत नाही.

प्रश्न : रूपकाची पहिली मात्रा सम की खाली? दोन शिक्षकांनी दोन उत्तरं दिली आणि परीक्षा तोंडावर आहे. (सोलापूर)

उत्तर : सम आहे आणि तिथेच खाली आहे. हात दाखवताना पहिल्या मात्रेला तळहात उघडा, टाळ्या चौथ्या आणि सहाव्या मात्रेला. कारण बोलांतच आहे: ‘ती ती ना’ हे तिन्ही बोल बंद, त्यांत डग्ग्याची घुमक नाही, ती येते थेट चौथ्या मात्रेच्या ‘धी’ला. छापील पुस्तकांत पहिल्या विभागाखाली कुठे नुसतं शून्य दिसतं, कुठे गोलात फुली. दोन्हींचा अर्थ एकच. शिक्षकांचा घोटाळा कदाचित तीव्रा तालावरून झाला असेल. पखवाजावरचा तीव्राही सात मात्रांचा आणि ३+२+२ असाच आहे (धा दिं ता । तिट कत । गदि गन), पण त्यात पहिल्या मात्रेला टाळी असते, खाली नाहीच. उत्तरपत्रिकेत ठेका (तालाचे ठरलेले बोल) लिहा, विभाग पाडा, खुणांचा अर्थ एका ओळीत द्या. तेवढं केलंत तर चिन्हावरून गुण जायचं कारण नाही.

प्रश्न : आजोबांच्या वहीत त्रितालाच्या नवव्या मात्रेखाली + आहे. मी इतके दिवस तीच सम धरून वाजवत होतो. वही चुकीची आहे का? (नाशिक)

उत्तर : वही बरोबर आहे, तुम्ही दुसऱ्या पद्धतीने वाचलीत. ताल लिहिण्याच्या पलुस्कर पद्धतीत + म्हणजे खाली. सम १ ने दाखवतात आणि बाकीच्या टाळ्यांखाली त्या मात्रेचाच आकडा येतो, म्हणून त्रिताल दिसतो १, ५, +, १३. भातखंडे पद्धतीत तोच ताल ×, २, ०, ३ असा. हाताने घाईत काढलेली फुली जरा तिरकी झाली की × चा + होतो आणि सम थेट खालीवर जाऊन बसते. शून्याचंही तेच: भातखंड्यांकडे ते खालीचं, पलुस्करांकडे अक्षराखालचं छोटं शून्य म्हणजे अर्धी मात्रा. जुनी वही उघडली की आधी त्रिताल शोधा. त्याची खाली नवव्या मात्रेला हे सर्वांना ठाऊक असतं, त्यावरून वहीची पद्धत लगेच कळते. आणि वहीचा फोटो ग्रुपवर टाकताना पद्धतीचं नाव जरूर लिहा, नाहीतर ‘तुमच्या आजोबांना ताल येत नव्हता’ असं कोणीतरी लिहून मोकळं होतं. त्या माणसाने दिव्याखाली बसून एकेक आवर्तन उतरवलेलं असतं.

प्रश्न : नऊ आणि अकरा मात्रांत तिहाई बसवताना माझी तिहाई नेहमी एक मात्रा आधी संपते. गुरुजी म्हणतात ‘मोज’. मोजतो, तरी चुकते. (कोल्हापूर)

उत्तर : तुम्ही तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा, आवर्तनात बसवताय. ती आवर्तनाच्या पुढच्या समेपर्यंत बसवायची असते. शेवटचा ‘धा’ पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पडतो, म्हणून समेपासून उचललेल्या तिहाईला हिशेब नऊचा नाही, दहाचा. अकराचा नाही, बाराचा.

तीनदा येणारा तुकडा म्हणजे पल्ला, दोन पल्ल्यांमधली विश्रांती म्हणजे दम. सूत्र साधं आहे: पल्ल्याच्या तीनपट अधिक दमाच्या दुप्पट बरोबर मात्रा अधिक एक. पल्ला मोजताना त्याच्या ‘धा’ची पूर्ण मात्रा धरा. नऊ मात्रांत पल्ला २ आणि दम २ (६+४=१०), किंवा पल्ला ३ आणि दम अर्धा (९+१=१०). अकरा मात्रांत पल्ला ४ आणि दम शून्य, म्हणजे बेदम. किंवा पल्ला २, दम ३. किंवा पल्ला ३, दम दीड. रूपकात पल्ला २, दम १. दहा मात्रांच्या झपतालात पल्ला ३, दम १. पंधरा मात्रांच्या पंचम सवारीत पल्ला ४, दम २, किंवा पल्ला ५ आणि दम अर्धा.

हे बोटांवर मोजू नका, पट्ट्यावर आखा. चौकटीच्या कागदावर दहा चौकोन काढा, दहाव्यावर सम लिहा. पल्ला २, दम २ भरलात तर पहिला ‘धा’ दुसऱ्या चौकोनात, दुसरा सहाव्यात, तिसरा दहाव्यात येईल. तिन्ही ‘धा’मधलं अंतर सारखंच आलं पाहिजे, इथे चार-चार. अंतर बिघडलं तर दम मोजण्यात चूक आहे. अंतर बरोबर आणि शेवट नवव्यात, तर ‘अधिक एक’ राहिला आहे. तुमचं दुखणं हे दुसरं.

जाता जाता: मत्तताल काही पुस्तकांत नऊ मात्रांचा आहे, काहींत अठरा. कोणाशी या तालाबद्दल बोलताना आकडा आधी सांगा.

प्रश्न : साडेआठ मात्रांचा ताल म्हणजे नुसती चमत्कृती, तो १७/८ च आहे, असं मित्र म्हणतो. (पणजी)

उत्तर : मोजमाप म्हणून मित्र बरोबर: साडेआठ मात्रा म्हणजे सतरा अर्ध्या मात्रा. पण आठ मात्रा संथ चालून शेवटची अर्धी अचानक तोडणं हा एक अनुभव आणि सतरा जलद ठोके हा दुसरा. रियाजात एक खड्डा टाळा. मेट्रोनोम पूर्ण मात्रेवर लावलात तर दुसऱ्या आवर्तनात टिक समेवर न पडता दोन मात्रांच्या मध्ये पडते आणि तिसऱ्या आवर्तनात पुन्हा जागेवर येते. नवशिक्याला वाटतं आपण घसरलो, आणि तो बरोबर असलेली लय सोडतो. सुरुवातीला टिक अर्ध्या मात्रेवर ठेवा. मिनिटाला ८० मात्रा हव्या असतील तर मेट्रोनोम १६० वर.

प्रश्न : मी शंभरेक कलाकारांच्या ग्रुपची ॲडमिन आहे. एका तालाच्या विभागांवरून सुरू झालेली चर्चा घराण्यांवर, मग एकमेकांच्या गुरूंवर गेली. तीन जाणती माणसं ग्रुप सोडून गेली. काय करू? (ठाणे)

उत्तर : आधी त्या तिघांना फोन करा. मेसेज नको. जाणत्या माणसाला ‘परत या’ एवढंच हवं असतं, त्यावर समजूत घालणारी पानं नको असतात.

मग ग्रुपच्या माहितीत एक नियम लिहा: तालाबद्दल कोणतंही विधान करताना चार गोष्टी द्यायच्याच. एकूण मात्रा, विभागांची फोड, सम आणि खाली कुठे, आणि मिनिटाला किती मात्रांच्या लयीत. सोबत वीस सेकंदांची व्हॉइस नोट, तोंडाने पढंत आणि हाताने टाळी. लिहून भांडणारा माणूस पढंत करायला बसला की निम्म्या वेळा स्वतःच मजकूर बदलतो. उरलेल्या वेळी समोरच्याला कळतं की हा वेगळ्या परंपरेचा ठेका म्हणतोय, चुकीचा नाही. हे ‘वेगळा’ आणि ‘चुकीचा’ वेगळे काढणं हाच ॲडमिनचा खरा उद्योग. मात्रांची बेरीज चुकली तर ते चूक. त्याच मात्रांत बोल निराळे असतील तर ती परंपरा, आणि तिथे ‘आमच्याकडे असं वाजवतात’ एवढं लिहून थांबायचं.

दुसरा नियम: उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं एका ओळीत स्वतःच्या शब्दांत लिहायचं, ‘सर, तुमचं म्हणणं असं की खाली आठव्या मात्रेला आहे, बरोबर?’ ते ‘हो’ म्हणाले की मग पुढे. याने वेग मंदावतो, आणि रात्री अकराच्या पुढे वेगच घात करतो. तेव्हा ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ हे सेटिंग सकाळपर्यंत लावून ठेवायला लाजू नका.

गुरूंचं, घराण्याचं, वयाचं नाव टोमण्यात आलं की तो मेसेज काढून टाका आणि लिहिणाऱ्याला खासगीत कारण सांगा. चारचौघांत नको. ज्येष्ठांना वेगळा न्याय लावू नका, भाषा मात्र अदबीची ठेवा: ‘दादा, तालाचा मुद्दा राहू द्या, शेवटचं वाक्य तेवढं काढलंय.’ तरुण मुलांना ज्येष्ठांसमोर प्रश्न विचारायची भीती वाटते, म्हणून आठवड्यातून एक दिवस फक्त प्रश्नांचा ठेवा, ज्या दिवशी ‘एवढंही माहीत नाही?’ लिहायला बंदी.

प्रश्न : एका मैफलीची तीस सेकंदांची क्लिप फिरतेय, ‘सम चुकली’ असा मथळा देऊन. मलाही चुकल्यासारखी वाटते. ग्रुपवर टाकू? (पुणे)

उत्तर : टाकू नका, निदान तीन गोष्टी तपासल्याशिवाय. क्लिप आवर्तनाच्या मधूनच कापलेली असते, त्यामुळे तुम्ही धरलेली सम हा तुमचा अंदाज असतो. आधीची दोन पूर्ण आवर्तनं मिळवा आणि टाळी देत क्लिपपर्यंत या. मग पुढची दोन ऐका. कलाकार मुद्दाम समेच्या अलीकडे-पलीकडे ठेवून पुढच्या आवर्तनात नेमका येत असेल, तर ती अतीत-अनागताची करामत आहे आणि तिला चूक म्हणणं कलाकारावर अन्याय.

तिसरी गोष्ट यंत्राची. ब्लूटूथ हेडफोनमध्ये दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. काही ॲप चित्र मागे खेचून तो भरून काढतात, काही नाही. द्रुत लयीत मिनिटाला ३०० मात्रा असतील तर एक मात्रा २०० मिलिसेकंदांची होते. म्हणजे गायकाचा हात समेवर पडताना दिसतो आणि तबल्याचा ‘धा’ एक मात्रा उशिरा ऐकू येतो. वायरचा हेडफोन लावा, किंवा डोळे मिटून फक्त ऐका, आणि मग पुन्हा टाळी धरा.