उबंटूवर वाईन टाकून एमएस ऑफिस चालेल का? मराठी फाइली बिघडतात का?

विंडोज 10 चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला, जुना लॅपटॉप विंडोज 11 घेत नाही म्हणून तुम्ही उबंटू, म्हणजे फुकटातलं लिनक्स, टाकलंत आणि आता ऑफिस हवंय. आधी सरळ उत्तर देते. ऑफिस 2010 ची 32 बिटची सीडी असेल तर ते वाईनमध्ये (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं फुकट सॉफ्टवेअर) बऱ्यापैकी चालतं, वर्ड एक्सेल उघडतं, प्रिंट निघते. मायक्रोसॉफ्ट 365, म्हणजे वर्गणीवर मिळणारं ऑफिस, त्याच्या नादी लागू नका, इन्स्टॉलरपासून साइन-इनपर्यंत कुठेही अडतं. पैसे मोजायची तयारी असेल तर क्रॉसओव्हर घ्या, ते वाईनवरच उभं आहे पण ऑफिससाठी त्यांनी बरीच मेहनत घेतलीय. पण मराठी फाइलींसाठी तुम्ही हा खटाटोप करत असाल तर थांबा, कारण फाइल बिघडते ती बहुतेक वेळा फाँटमुळे, आणि हे मी कोल्हापुरात घरी बसून टायपिंगची कामं घेते म्हणून छातीठोकपणे सांगते.

मराठीत पीएचडी करणाऱ्या एका बाईंचा प्रबंध माझ्याकडे होता. त्यांनी अर्धा आधीच वर्डमध्ये मंगल फाँटात टाइप करून आणलेला, उरलेला मी उबंटूवर लिबरऑफिसमध्ये (एमएस ऑफिससारखंच फुकट सॉफ्टवेअर) केला, तळटीपा लावल्या, अनुक्रमणिका लावली आणि वर्डची .docx फाइल करून पाठवला. त्यांनी प्रिंटच्या दुकानात वर्डमध्ये उघडला तर अनुक्रमणिकेतला आकडा एक आणि प्रकरण दुसऱ्याच पानावर. बाई रडकुंडीला आल्या, सबमिशन तोंडावर आलेलं. माझ्या धाकट्या दिरांचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, त्यांनी ऐकल्या ऐकल्या सुनावलं, "वहिनी, तरी मी सांगत होतो, फुकटातलं असंच असतं, आणा इकडे लॅपटॉप, दहा मिनिटांत विंडोज आणि ऑफिस दोन्ही टाकून देतो." दोन्ही म्हणजे क्रॅक केलेलं, हे वेगळं सांगायला नको.

मी लॅपटॉप नेला, पण शेजारी त्यांचं विंडोजचं मशीन ठेवून दोन्हीकडे तेच पान उघडलं. माझ्याकडे 'स्वातंत्र्योत्तर' हा शब्द खालच्या ओळीत उतरत होता, तिकडे तो वरच्याच ओळीत बसत होता. बस, तिथे कळलं. मंगल हा विंडोजचा फाँट, उबंटूत नसतो, मग लिबरऑफिस गुपचूप दुसरा देवनागरी फाँट लावतं, कधी लोहित कधी नोटो, आणि त्यांची रुंदी वेगळी, दोन ओळींमधली जागा वेगळी. एका परिच्छेदात एक ओळ वाढली की तीनशे पानांत किती सरकत जाईल बघा. इंग्रजीत हा त्रास कमी, कारण कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो आणि टाइम्स न्यू रोमनच्या मापाचा लिबरेशन सेरिफ फुकट मिळतो. मंगलला तसा जुळा भाऊ नाही.

मग आख्खा प्रबंध शोभिकामध्ये केला. हा आयआयटी मुंबईचा फाँट, फुकट आणि कायदेशीर. तोच प्रिंटच्या दुकानातल्या मशीनवर टाकायला लावला, ओळी जुळल्या. अनुक्रमणिका अपडेट केली आणि प्रिंटला शेवटी पीडीएफच दिली. प्रबंध वेळेत गेला. यात एक गोष्ट सगळे विसरतात, लिबरऑफिसमध्ये देवनागरीचा फाँट 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट' या खान्यात वेगळा लावायचा असतो, वरचा पाश्चात्त्य लिपीचा फाँट बदलून मराठीत ढिम्म फरक पडत नाही, आणि हा बदल स्टाइलमध्ये (परिच्छेदाला लावलेल्या ठरावीक मांडणीत) करा, मजकूर सिलेक्ट करून करत बसू नका.

कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा युनिकोडच्या आधीच्या फाँटांतल्या जुन्या फाइली असतील तर तो फाँट नसल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आणि ती वर्डमध्येसुद्धा दिसते, लिनक्सला बोल लावू नका. कन्व्हर्टरने युनिकोड (अक्षरं साठवायची सगळीकडे चालणारी पद्धत) करून घ्या आणि रफार, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

आता क्रॅकबद्दल, कारण तुम्हालाही कुणीतरी हा सल्ला देणारच. भाऊजी आजही म्हणतात, "सगळं गाव वापरतंय, तुम्हालाच काय पडलंय?" मला पडलंय. क्रॅकचा ॲक्टिव्हेटर (लायसन्स नसताना ऑफिस चालू करून देणारा प्रोग्राम) चालवायच्या आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, म्हणजे दार उघडं ठेवून चोराला आमंत्रण. त्यांच्याच एका गिऱ्हाइकाच्या सगळ्या फाइली रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, लॉक झाल्या, लेकीच्या बारशाच्या फोटोंसकट, आणि तेव्हा दुकानात बसून कुणालाच काही करता आलं नाही. माझ्या मशीनवर दुसऱ्यांची पाच-पाच वर्षांची मेहनत असते. पैसे वाचवायला मी त्याच्याशी खेळणार नाही, आणि लिबरऑफिस कायदेशीर फुकट मिळत असताना क्रॅक टाकण्याला मी व्यवहारज्ञान मानत नाही. भाऊजी, हे वाचत असाल तर समोर येऊन बोलू.

हां, एक राहिलं. एक्सेलचे मॅक्रो (फाइलीतच लिहिलेले छोटे प्रोग्राम) असतील तर माझं वरचं सगळं लागू नाही. इन्कम टॅक्सची एक्सेल युटिलिटी मॅक्रोवर चालते, तिला खरं विंडोज आणि खरं एक्सेल लागतं, लिबरऑफिसमध्ये ती धड चालेल या भरवशावर राहू नका, ब्राउझरमधल्या फुकटच्या एक्सेलमध्ये तर मॅक्रो चालतच नाहीत. साधं रिटर्न असेल तर पोर्टलवर ऑनलाइन भरून मोकळे व्हा. रोजचंच काम असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (उबंटूच्या आतच दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) लायसन्सचं विंडोज टाका, वाईनपेक्षा ते कितीतरी भरवशाचं. फक्त रॅम किती आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, चार जीबी असेल तर लॅपटॉप उबंटू आणि विंडोज दोन्ही एकदम ओढणार नाही, आठ करून घ्या आणि मगच हात घाला.