डोक्याला मार लागला, मग पोटात अल्सर कसा झाला?

तुम्ही विचारलंय की भावाला अपघातात फक्त डोक्याला मार लागला, पोटाला खरचटलंसुद्धा नाही, तरी आयसीयूत नाकातल्या नळीतून काळपट पाणी आलं आणि डॉक्टर अल्सर म्हणाले, हे कसं?

पोटाला मार लागावाच लागत नाही. जठरात ॲसिड किती स्रवावं याचा मोठा हुकूम मेंदूकडूनच येतो, व्हेगस नावाच्या मज्जातंतूवाटे. कवटी हाडाची, ती ताणली जात नाही. आत सूज आली किंवा रक्त साकळलं की दाब वाढतो आणि मेंदूच्या बुंध्यातली व्हेगसची केंद्रं चाळवतात. मग ॲसिड भरमसाठ सुटतं. त्याच वेळी शरीरावरच्या ताणामुळे जठराच्या रक्तवाहिन्या आवळतात, अस्तराला रक्त कमी पडतं आणि ॲसिडपासून वाचवणारा चिकट थर पातळ होतो. हार्वी कुशिंग या अमेरिकन न्यूरोसर्जननी १९३२ साली याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून याला कुशिंग अल्सर म्हणतात. हा अल्सर खोल जातो, कधी जठराला आरपार भोकही पडतं.

खरी अडचण अशी की बेशुद्ध माणूस पोट दुखतंय हे सांगू शकत नाही. म्हणून राइल्स ट्यूबमधून, म्हणजे त्या नाकातल्या नळीतून, येणाऱ्या पाण्याचा रंग बघावा लागतो. कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट आलं तर ते ॲसिडने काळं पडलेलं रक्त असतं. लालभडक आलं तर रक्तस्राव चालू आहे. डांबरासारखी काळी, चिकट शी, घसरणारं हिमोग्लोबिन, अचानक कमी झालेलं बीपी, यातलं काहीही दिसलं तर सिस्टरना लगेच सांगा. (लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, त्या चालू असतील तर तेही सांगा.)

धोका सगळ्यांना सारखा नसतो. ४८ तासांहून जास्त व्हेंटिलेटरवर असलेले आणि रक्त नीट न गोठणारे रुग्ण सगळ्यात जास्त जोखमीचे. त्यांना बहुधा आधीपासूनच पॅन्टोप्राझोल हे ॲसिड कमी करणारं औषध ४० मिलिग्रॅम शिरेतून देतात. पहिल्या २४ ते ४८ तासांत नळीने अन्न सुरू करणं हेही मोठं संरक्षण आहे. रक्तस्राव थांबत नसेल तर दुर्बिणीतून क्लिप लावता येते.

रुग्ण जेवायला लागला, धोका टळला, की हे पॅन्टोप्राझोल बंद करायचं असतं. कारण ॲसिड दाबून ठेवल्याने न्यूमोनिया आणि आतड्याच्या जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. डिस्चार्जच्या कागदावर ते दिसलं तर कधीपर्यंत घ्यायचं हे तिथेच विचारून घ्या, आणि डॉक्टरांना न विचारता वेदनाशामक गोळ्या देऊ नका.