७.९२ लिहिलंय म्हणून प्रत्येक काडतूस बसत नाही

दुसऱ्या महायुद्धावरच्या संगणक खेळांची ‘मेन ऑफ वॉर’ मालिका आणि त्याच घराण्यातला ‘गेट्स ऑफ हेल’ खेळणाऱ्यांचे प्रश्न या वेळी जर्मन बाजूच्या दारूगोळ्याबद्दल जास्त आले. कारण उघड आहे. या खेळांत प्रत्येक शिपायाची स्वतःची इन्व्हेंटरी, म्हणजे जवळच्या सामानाचे रकाने, असते आणि जर्मन पथकात एका वेळी चार-चार जातीची हत्यारं असतात. निवडक प्रश्न आणि उत्तरं खाली देत आहोत.

प्रश्न : माझ्या पथकात एकाकडे एसटीजी ४४ ही असॉल्ट रायफल आहे. त्याच्या गोळ्या संपल्या म्हणून शेजारच्या कार ९८के या साध्या रायफलवाल्याकडच्या दिल्या, तरी बंदूक रिकामीच दाखवते. दोन्ही ७.९२ मिमी. हा बग आहे का?

बग नाही, खेळ बरोबर आहे. ७.९२ हा आकडा फक्त नळीचं माप सांगतो. काडतूस कोणत्या बंदुकीत बसेल हे ठरतं पुंगळीवरून, म्हणजे गोळीमागच्या दारूच्या नळकांड्यावरून, म्हणून नेहमी दुसरा आकडा, म्हणजे पुंगळीची लांबी, बघा. जर्मन पायदळाकडे ७.९२ ची तीन वेगवेगळी काडतुसं होती.

पहिलं ७.९२×५७, म्हणजे नेहमीचं माउझर काडतूस. कार ९८के, जी ४१, जी ४३, एफजी ४२ या रायफली आणि एमजी ३४, एमजी ४२ या मशीनगन, ही सगळी याच्यावर चालतात. युद्धकाळातली साधी गोळी ‘एस.एस.’, म्हणजे जड टोकदार गोळी, १२.८ ग्रॅमची, कार ९८के मधून तिचा वेग साधारण ७६० मीटर प्रति सेकंद.

दुसरं ७.९२×३३ ‘कुर्त्स’, म्हणजे आखूड. एसटीजी ४४ आणि त्याआधीच्या एमपी ४३, एमपी ४४ या नावांनी आलेल्या त्याच बंदुकीचं हे काडतूस. गोळी सुमारे ८.१ ग्रॅम, वेग ६८५ च्या आसपास. नळीच्या तोंडाशी ऊर्जा जवळपास १९०० ज्यूल, तर एस.एस. ची ३७०० च्या आसपास. निम्म्या ताकदीची गोळी मुद्दामच केली होती. पायदळाची बहुतेक चकमक तीन-चारशे मीटरच्या आत होते, आणि तेवढ्या अंतरासाठी हलकं काडतूस असेल तर शिपाई जास्त गोळ्या बाळगू शकतो आणि बंदूक ऑटोमॅटिकवर हातात धरता येते.

तिसरं ७.९२×९४, पॅन्झरब्यूक्से ३८ आणि ३९ या रणगाडाविरोधी रायफलींचं. त्याचा पुढे उल्लेख येईलच.

अख्खं माउझर काडतूस ८० मिलिमीटरच्या पुढे जातं, कुर्त्स ४८ मिलिमीटरचं. म्हणजे एसटीजीच्या मॅगझिनमध्ये माउझर काडतूस आडवंसुद्धा मावत नाही. खेळात यावर एकच तोडगा चांगला चालतो : एसटीजीवाले विखरू नका. दर पथकात एक देण्यापेक्षा एका पथकात तिघांना द्या, म्हणजे एक पडला तर त्याची मॅगझिनं उरलेल्या दोघांना मिळतात. खरा भार दोन पाऊचमध्ये प्रत्येकी तीन, म्हणजे सहा मॅगझिनं आणि १८० काडतुसं एवढा होता. शेवटच्या महिन्यांच्या मिशनमध्ये फोल्क्सश्टुर्म या जर्मन नागरी दलाची व्हीजी १-५ ही ओबडधोबड बंदूक दिसली तर तिचं मॅगझिन सोडू नका. ते एसटीजीचंच आहे.

आणि १९४१ च्या मॉस्को मिशनमध्ये कुणी एसटीजी दिली असेल तर ती मिशन बनवणाऱ्याची चूक. ही बंदूक सैन्याकडे मोठ्या प्रमाणात पोचली १९४४ मध्ये.

प्रश्न : एमजी ४२ चा गनर मिशनच्या पहिल्या पाच मिनिटांत कोरडा पडतो. किती गोळ्या द्यायच्या आणि कुणाकडे ठेवायच्या?

आधी हिशेब. एमजी ४२ मिनिटाला सुमारे १२०० गोळ्या झाडते, म्हणजे सेकंदाला २०. २५० गोळ्यांचा पट्टा साडेबारा सेकंदांत संपतो. एमजी ३४ चा वेग ८०० ते ९००. तोच पट्टा तिथे सतरा-अठरा सेकंद पुरतो. ट्रिगर दाबून धरला तर कितीही गोळ्या द्या, पुरणार नाहीत.

म्हणून पहिला उपाय गोळ्यांचा नाही, आदेशाचा. गनरला ‘फायर अॅट विल’वर, म्हणजे मर्जीने झाडायला, सोडू नका. ‘होल्ड फायर’वर, म्हणजे मारा रोखून, ठेवा, शत्रू उघड्यावर आला की मोकळं सोडा, किंवा डायरेक्ट कंट्रोल घेऊन स्वतः पाच ते सात गोळ्यांचे छोटे फेर मारा. लांबच्या झुडपामागच्या एका माणसावर अर्धा पट्टा घालवणं ही संगणकाच्या हातातल्या गनरची नेहमीची खोड आहे.

दुसरा उपाय वाटपाचा. जर्मन पथक एमजीभोवतीच बांधलेलं असे आणि पथकातले बाकीचे रायफलवाले तिचे हमालही होते. धातूच्या पट्ट्याचा एक तुकडा ५० काडतुसांचा. दोन तुकड्यांच्या कड्या एकमेकांवर ठेवून त्यांत एक काडतूस सरकवलं की ते जोडले जातात. पाच तुकड्यांचा झाला २५० चा पट्टा. चालता-चालता झाडायचं असेल तर ५० चा एक तुकडा गोल डब्यात घालून बंदुकीच्या बाजूला अडकवत. खेळात हेच करा : गनरकडे दोन पट्टे, मदतनिसाकडे मोठा साठा, आणि उरलेल्यांपैकी तिघा-चौघांकडे एकेक पट्टा. सगळा साठा गनरच्याच इन्व्हेंटरीत कोंबला आणि तो उघड्या रस्त्यावर पडला, तर बंदुकीसह सगळा साठा शत्रूच्या नेमाखाली अडकतो. नुकसान बहुतेक वेळा असंच होतं.

वजनाचं भान ठेवा. एक माउझर काडतूस २६-२७ ग्रॅमचं, म्हणजे २५० ची नुसती काडतुसंच साडेसहा किलोच्या पुढे जातात. पट्टा आणि लोखंडी पेटी वेगळी. गळ्यात पट्टे गुंडाळलेले शिपाई फोटोंत खूप दिसतात, पण पट्ट्याला चिखल-माती लागली की बंदूक अडकते. म्हणूनच पेटी हवी.

७५ गोळ्यांचा जोडडबा, म्हणजे ‘डोपेलट्रोमेल’, एमजी ४२ ला लागत नाही. तो एमजी ३४ चा आहे, तोही वरचं झाकण बदलल्यावरच.

प्रश्न : रायफलवाल्यांच्या गोळ्या संपल्या. शेजारी निकामी पॅन्झर ४ रणगाडा उभा आहे आणि त्यात मशीनगनचा भरपूर साठा आहे. तो वापरता येईल का?

प्रत्यक्षात येईल. पॅन्झर ४ मधली एमजी ३४ तेच ७.९२×५७ काडतूस वापरते आणि त्या रणगाड्यात सुमारे ३१५० काडतुसं असत. पट्ट्यातून एकेक काढून पाचाच्या क्लिपमध्ये भरायची, एवढंच काम. क्लिप नसली तरी कार ९८के मध्ये सुटी काडतुसं एकेक करून वरून दाबता येतात, फक्त वेळ लागतो.

खेळात हे आवृत्तीवर आणि मॉडवर, म्हणजे खेळाडूंनी खेळात केलेल्या बदलांवर, ठरतं. कुठे पट्टा आणि क्लिप या वेगळ्या वस्तू धरतात, कुठे एकच. तपासायला मिनिट लागत नाही : एक खोकं रायफलवाल्याच्या इन्व्हेंटरीत टाका आणि बंदुकीशेजारचा आकडा वाढतो का बघा. वाढला नाही तर ते खोकं एमजीसाठीच राखा.

प्रश्न : एमपी ४० ही जर्मन सबमशीनगन टाकून रशियन पीपीएसएच सबमशीनगन उचलावी का? आणि ९ मिमीच्या गोळ्या नेमक्या कशाकशाला चालतात?

पूर्व आघाडीवर उचला, पण तिच्या गोळ्यांसकट. पीपीएसएच ७.६२×२५ टोकारेव्ह काडतुसावर चालते, एमपी ४० चालते ९×१९ पॅराबेलमवर. एकाची गोळी दुसरीला अजिबात नाही. एमपी ४० मध्ये ३२ गोळ्या आणि मिनिटाला सुमारे ५०० चा वेग. पीपीएसएचच्या डब्यात ७१ आणि वेग जवळपास दुप्पट. खंदक साफ करताना पीपीएसएच उजवी पडते, पण रशियन प्रेतं जवळ नसतील तेव्हा ती निव्वळ ओझं होते. दोन्ही बाळगून इन्व्हेंटरीचे रकाने भरू नका.

जर्मनांनी हा प्रश्न दोन प्रकारे सोडवला, आणि मॉड करणाऱ्यांनी दोन्ही लक्षात घ्यावेत. जशीच्या तशी वापरलेली पीपीएसएच म्हणजे एमपी ७१७(आर), तिच्यात ७.६३ माउझर काडतूस चालत असे, कारण त्याची मापं टोकारेव्हशी जुळतात. दुसरी एमपी ४१(आर) : नळी बदलून ९ मिमीची केलेली आणि एमपी ४० चं मॅगझिन घेणारी. उलटा व्यवहार मात्र धोक्याचा. जास्त दाबाचं टोकारेव्ह काडतूस जुन्या माउझर सी ९६ पिस्तुलात घालू नये.

९×१९ ची यादी : पी ०८ लुगर आणि पी ३८ ही पिस्तुलं, एमपी ३८, एमपी ४०, शिवाय इटालियन बेरेटा ३८ आणि ब्रिटिश स्टेन या सबमशीनगन. काडतूस एकच असलं तरी मॅगझिनं आपापली. हंगेरियन ३९एम ही सबमशीनगनही ९ मिमीचीच आहे, पण तिचं काडतूस ९×२५ माउझर, म्हणून ती यादीबाहेर. वॉल्थर पीपीके हे छोटं पिस्तूल तर ७.६५ ब्राउनिंगवर चालतं. अधिकाऱ्याच्या खिशातल्या त्या गोळ्या पथकाच्या काहीच कामाच्या नाहीत.

प्रश्न : ‘एस.एम.के.’ गोळ्यांनी चिलखती गाडी फुटते का?

पातळ असेल तर, जवळून आणि सरळ कोनातून. एस.एम.के. म्हणजे पोलादी गाभ्याची टोकदार गोळी. तिची मर्यादा समजून घ्यायला जर्मनांचाच पॅन्झर १ हा हलका रणगाडा बघा : त्याचं १३ मिमी चिलखत याच गोळीला दाद न देण्याच्या हिशेबाने ठरवलं होतं. म्हणजे अमेरिकन हाफट्रॅकची (पुढे चाकं, मागे साखळपट्टे असलेल्या चिलखती गाडीची) ६ मिमीची बाजू शंभर मीटरच्या आत धोक्यात, पण १४-१५ मिमीहून जाड पत्र्यावर पट्टा रिकामा करणं वाया. टंगस्टन कार्बाइड गाभ्याची एस.एम.के.(एच) याहून भेदक होती. टंगस्टनच्या टंचाईने १९४२ नंतर ती मागे पडली.

त्यापुढची पायरी पॅन्झरब्यूक्से ३९ आणि तिचं ७.९२×९४ काडतूस. १४.६ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला १२०० मीटरच्या वर, एका वेळी एकच काडतूस. शंभर मीटरवर ती सुमारे ३० मिमी भेदते. भेदली तरी छिद्र बोटाएवढंही नाही, त्यामुळे गाडी पेटेलच असं नाही. चालक किंवा इंजिनाच्या जागी नेम धरा. १९४० च्या मिशनमध्ये ती कामाची आहे, रशियन टी-३४ रणगाड्यासमोर नाही.

प्रश्न : रायफल ग्रेनेडसाठी वेगळं काडतूस का लागतं?

कार ९८के च्या नळीला लावलेल्या पेल्यातला ग्रेनेड बिनगोळीच्या काडतुसाच्या वायूने फेकला जातो, आणि ते काडतूस ग्रेनेडसोबतच बांधून येई. चेंबरमध्ये साधं गोळीचं काडतूस राहिलं आणि पेल्यात ग्रेनेड असताना ते झाडलं, तर गोळी थेट ग्रेनेडवर आदळते. मॉडमध्ये म्हणून ग्रेनेड आणि त्याचं काडतूस मिळून एकच वस्तू ठेवा.

प्रश्न : मॉडसाठी माउझर काडतुसांची चित्रं काढतोय. प्रकार कसे ओळखू यावेत?

पुंगळीच्या बुडाशी प्राइमरभोवती, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीभोवती, जी रंगीत कडी असते तिच्यावरून. एस.एस. ला हिरवी, एस.एम.के. ला लाल, लोखंडी गाभ्याच्या एस.एम.ई. ला निळी. ट्रेसर (उडताना मागे चमकती रेघ दाखवणारं मिश्रण) असलेल्या एस.एम.के. ची कडी लालच, पण गोळीचं टोक काळं. एस.एम.के.(एच) ची कडी लाल आणि अख्खी गोळी काळी. एस.एम.ई. जन्मली शिशाच्या बचतीतून. युद्धाच्या उत्तरार्धातल्या साठ्यात तीच जास्त दाखवा. तांब्याच्या टंचाईमुळे पितळेच्या जागी लाखेचा थर दिलेल्या पोलादी पुंगळ्या आल्या, तेव्हा १९४४ च्या चित्रात पुंगळी सोनेरी नको, करड्या-तपकिरी छटेची हवी.

खोक्यांचे आकडे : १५ काडतुसांचं छोटं पुठ्ठ्याचं खोकं, म्हणजे तीन क्लिपा. ३०० चा मोठा पुडा. असे पाच पुडे लाकडी पेटीत, एकूण १५००. शिपायाच्या पट्ट्यावर तीन-तीन कप्प्यांचे दोन पाऊच, कप्प्यात दोन क्लिपा, मिळून ६० काडतुसं. नव्या शिपायाला इन्व्हेंटरीत ६० च द्या; २०० दिली की मिशनमधली सगळी चणचण निघून जाते आणि खेळ बेचव होतो. ९ मिमीचं खोकं १६ गोळ्यांचं, कारण पी ०८ ची मॅगझिनं आठ-आठची.

प्रश्न : इटलीतल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीवर मिशन करतोय, १० जुलै १९४४, वरचं टायबर खोरं. समोर जर्मन. गोळ्यांची विभागणी कशी ठेवू?

तारखेवरून कळतंय की नाईक यशवंत घाडगे यांचा प्रसंग घेताय. मग ही विभागणी काटेकोर ठेवाच. भारतीय बाजूला .३०३ च्या रायफली, त्याच काडतुसाची ब्रेन ही हलकी मशीनगन आणि .४५ ची टॉमीगन ही सबमशीनगन. जर्मन बाजूला ७.९२×५७ आणि ९×१९. दोन्हींत सामाईक असं एकही काडतूस नाही. पडलेल्या जर्मनाच्या गोळ्या मराठा शिपायाला त्याची बंदूक उचलल्याशिवाय निरुपयोगी.

व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रातला क्रम असा : मशीनगनच्या माऱ्यात सेक्शनमध्ये फक्त घाडगे उरले, त्यांनी एकट्याने धाव घेऊन ग्रेनेडने गन आणि गनर गारद केला, टॉमीगनने आणखी एकाला मारलं, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून नळीकडून बंदूक धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केलं. नंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. तेव्हा खेळाडूला एक ग्रेनेड आणि टॉमीगनमध्ये चढवलेलं मॅगझिन द्या, जास्तीचं मॅगझिन इन्व्हेंटरीत असू द्या, पण मोर्चातले चौघेही इतके जवळजवळ बसवा की ते बदलायला उसंत मिळू नये. जर्मन मोर्चात एमजी ४२ सोबत २५० च्या दोन पेट्या पुरेशा. तिथे एसटीजी ४४ ठेवू नका.