घोरतेस का गं?

सुवर्णा (नाव बदललंय) निफाडची. दुसरं सिझेरियन, तारीख ठरलेली. भूलतज्ज्ञांनी सांगितलं होतं, कमरेत एपिड्युरलची नळी घालू, भूल तिच्यातूनच देऊ आणि बाळ झाल्यावर थोडं मॉर्फिन सोडू, म्हणजे दिवसभर टाके फार दुखणार नाहीत. घरी जाऊन तिने मोबाईलवर शोधलं आणि दुसऱ्या दिवशी नाशिक गाठून माझ्यासमोर बसली. "मॅडम, रात्री झोपेत श्वासच बंद पडला तर?"

हा प्रश्न मला बऱ्याच जणी विचारतात. 'काही होत नाही हो' म्हणून त्यांना वाटेला लावणं मला पटत नाही. मॉर्फिन मणक्यातल्या पाण्यात रेंगाळतं, हळूहळू वर सरकत मेंदूत श्वासाची लय राखणाऱ्या भागापर्यंत जातं. म्हणून धोका ऑपरेशनच्या टेबलावर कमी; लक्ष ठेवायचं ते पुढे, साधारण ६ ते १८ तासांच्या दरम्यान. मात्रा २-३ मिलिग्रॅम एवढीच असते. धडधाकट बाईला तेवढ्याने श्वासाचा गंभीर त्रास क्वचितच होतो.

मग विचारलं, "घोरतेस का गं?"

ती लाजली. सासूबाई मात्र फटकन म्हणाल्या, "अहो, पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं! मधेच गप्प होते, मग दचकून उठते."

हे मधेच गप्प होणं फाइलमध्ये कुठेच नव्हतं. वजन ९२ किलो, झोपेत श्वास अडकतो, त्यात सासूबाईंच्या पिशवीत स्वतःची झोपेची गोळी, 'सुनेला शांत झोप लागावी म्हणून'. गोळी मी तिथल्या तिथे बाजूला काढायला लावली; मॉर्फिनवर झोपेचं औषध म्हणजे श्वासावर दुहेरी भार. भूलतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी मात्रा कमी केली, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅकवर भर दिला, आणि पहिले १२ तास दर तासाला श्वास मोजायचे, नंतर २४ तासांपर्यंत दर दोन तासांनी, असं लिहून ठेवलं. मॉर्फिनचा असर उतरवणारं नालोक्सोन हाताशी.

सासूबाईंना एकच काम दिलं. बोटावरच्या मशीनच्या आकड्यावर विसंबू नका, ऑक्सिजन चालू असला की तो उशिरा घसरतो. हाक मारा. डोळे उघडून नीट बोलली तर ठीक. जड जिभेने बोलायला लागली, की सिस्टरना बोलवा.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी राउंडला गेले. सुवर्णा बाळाला पाजत होती. "रात्रभर सिस्टर हलवून उठवत होत्या, वर आत्यांच्या हाका. आणि मॅडम, नाक इतकं का खाजतंय?"

"तेही मॉर्फिनचंच," मी म्हटलं.