कार्डाचं नंतर, आधी एसएमपीएस दाखवा

महिनाभरात आलेल्या प्रश्नांचा सूर एकच आहे: पीसी जुना झालाय, पैसे बेताचे आहेत, ग्राफिक कार्ड कुठलं घेऊ? आत एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, कुठला आहे, हे मात्र कुणीच लिहीत नाही.

प्रश्न (कळवा): ८ जीबी रॅम आहे. १६ केली तर गेम अडकायचा थांबेल का?

गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर बघा. रॅम काठोकाठ भरलेली दिसली तर थांबेल, नाहीतर नाही.

प्रश्न (नेरूळ): सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर आणि एच-११० बोर्ड आहे. दुकानदार म्हणतो सॉकेट तोच आहे, नवव्या पिढीचा टाकून देतो. टाकू का?

बसेल, पण चालणार नाही. दोन्हींना पिना ११५१च, म्हणून ही गफलत होते. आठवी-नववी पिढी ३०० सिरीजच्या चिपसेटवर (बोर्डावरच्या मुख्य चिपवर) चालते, तुमच्या १०० सिरीजच्या बोर्डावर नाही. 'या बोर्डावर चालेल' एवढं बिलावर लिहून मागा, त्याला लगेच सगळं आठवेल. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. या बोर्डावर आता खर्च नको. बोर्ड-प्रोसेसर-रॅम एकत्र बदलायचं ठरवा, आणि तेही दोन ठिकाणी विचारून.

प्रश्न (घोडबंदर रोड): रायझन ५ २६०० प्रोसेसर आणि जीटीएक्स १०५० टीआय कार्ड आहे. आरएक्स ६६०० घ्यायचं म्हणतोय. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट आला होता, वर ५०० वॅट लिहिलंय. सहा वर्षं काही झालं नाही. 'चालून जाईल' असं मित्र म्हणतो.

सहा वर्षं काही झालं नाही, कारण सहा वर्षं त्याच्यावर भार आलाच नाही. १०५० टीआय ७५ वॅटचं कार्ड. बहुतेक मॉडेल्सना वेगळी वायरसुद्धा लागत नाही, बोर्डाच्या स्लॉटमधूनच भागतं. आरएक्स ६६०० मागतं १३२ वॅट.

आता कॅबिनेटची बाजू उघडा आणि स्टिकर वाचा. मोठ्या अक्षरांतला आकडा नाही, +१२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर. तिथे समजा १६ लिहिलंय. बारा गुणिले सोळा म्हणजे १९२ वॅट. कार्डाचे १३२ आणि प्रोसेसरचे कागदावरचे ६५ मिळूनच १९७ झाले. पंखे, डिस्क अजून बाकी आहेत. उरलेले 'वॅट' ज्या ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत दाखवलेत, त्यांचा कार्डाला काडीचा उपयोग नाही. फुकट आलेल्या डब्यांवर हा हिशेब मी इतक्यांदा पाहिलाय की आता रागही येत नाही. खोटं सांगतोय, येतो.

कार्डाला लागणारी आठ पिनांची वायर एसएमपीएसला नसली की दुकानदार मोलेक्सचं (जुन्या डिस्कच्या चार पिनांच्या वायरीचं) कन्व्हर्टर काढून देतो. घेऊ नका. ते वितळलेलं मी हातात धरलंय.

आणखी एक कबुली. फार पूर्वी एका गिऱ्हाइकाचा पीसी गेममध्ये मारामारी सुरू झाली की रीस्टार्ट व्हायचा. मी बेधडक कार्डावर ठपका ठेवला. वॉरंटीत कार्ड बदलून आलं, तरी रीस्टार्ट तसाच. दोष एसएमपीएसचा होता. तेव्हापासून मी आधी तिथेच बघतो.

नव्या एसएमपीएसवर ८० प्लसचा शिक्का हवाच, पण तो वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. शॉर्ट झाल्यावर किंवा भार वाढल्यावर डबा स्वतःहून बंद होतो का, हे त्यावरून कळत नाही. नावाजलेल्या कंपनीचा, बिलासकट, नवाच घ्या. या एका वस्तूत सेकंड हँड नको. आणि घरातल्या थ्री-पिनला खरंच अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आजच.

प्रश्न (ऐरोली): मायनिंगला, म्हणजे क्रिप्टो चलन कमवायला, वापरलेलं कार्ड घ्यावं का?

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग कार्डांवर होणं बंद झालं आणि असा माल बाजारात ओतला गेला. सरसकट वाईट नाही. पंखे आणि थर्मल पॅड (चिपची उष्णता बाहेर नेणाऱ्या मऊ पट्ट्या) मात्र झिजलेले असू शकतात. अर्धा तास गेम चालवून, तापमान बघून मगच पैसे द्या. 'घरी नेऊन बघा, उत्तमच आहे' म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

प्रश्न (खारघर): मुलाचा पीसी दुपारी वीस मिनिटांत बंद पडतो. वॉटर कूलिंग बसवावं का?

नाही, ताई. आधी धूळ काढा, प्रोसेसरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घ्या. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरायची, गरगर फिरू द्यायची नाहीत. तरीही बंद पडला तर घरी प्रयोग नकोत, थेट दुरुस्तीवाल्याकडे.

प्रश्न (वाशी): नवीन कार्डं आल्यावर जुन्यांचे भाव उतरतील म्हणून तीन दिवाळ्या थांबलोय. अजून थांबू का? विंडोज अजून हार्ड डिस्कवरच आहे.

कार्डासाठी थांबा हवं तर. पण एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क) या शनिवारी घ्या. साधी साटा (हार्ड डिस्कसारखी केबलने जोडायची) चालेल, आणि घेण्यापूर्वी बोर्डाचं नाव मला कळवा. एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटोही पाठवा.